थोरलीची करंगळी

परवा सूनबाईंनी मोबाइल माझ्यापुढं धरला. नातीच्या प्लेस्कूलमधल्या ताईंनी शनिवारी सगळ्या पोरांची नखं रंगवली होती, कुणाची गुलाबी, कुणाची निळी, आणि त्यावरून पालकांच्या ग्रुपवर सकाळपासून रणकंदन चाललं होतं. एक बाई म्हणत होती, पोरं बोटं तोंडात घालतात, ते सगळं पोटात जातं. दुसरी म्हणत होती, किती गोड दिसतात, तुम्हाला कशातच आनंद नाही. एका बापानं लिहिलं होतं, माझ्या मुलाची नखं कुणाला विचारून रंगवलीत? त्याला दुसऱ्या बापानं उत्तर दिलं होतं, मुलाला नको असतील तर तुम्ही लावून घ्या. आमच्या कोल्हापुरात भांडण असंच असतं, निम्मं भांडण आणि निम्मी चेष्टा. सून म्हणाली, "आई, तुम्ही बावीस वर्षं पाळणाघर चालवलंय. तुम्ही सांगा, लावावी का लावू नये?"

"लावू नये," मी म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

तिला वाटलं असणार, म्हातारी जुन्या वळणाची आहे. वाटू दे. कारण सांगत बसले असते तर नेलपॉलिशच्या एका बाटलीपायी मी एका आईचं काय नुकसान केलं तेही सांगावं लागलं असतं, आणि ते मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही. त्या बाईनं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली होती. ती माझ्याकडं असायलाच हवी होती, आणि नव्हती.

आमचं पाळणाघर म्हणजे घराच्या पुढच्या दोन खोल्या आणि फरशी घातलेलं अंगण. मी आणि मदतीला एक मावशी. पोरं बारा-चौदा, कधी पंधरा. माझे नियम कडक होते आणि त्यांचा मला गर्वही होता. आल्या आल्या हात धुवायचे. ताटात टाकायचं नाही. अंगावर दागिना घालून यायचं नाही. हा शेवटचा नियम एका कार्ट्यानं नाकात घुंगरू कोंबून घेतलं तेव्हापासूनचा. त्या दिवशी आमची वरात दवाखान्यात गेली होती.

त्या दोघी आल्या तेव्हा अडीच वर्षांच्या होत्या. जुळ्या, आणि अशा की एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी. आई कागलकडच्या एका कपड्यांच्या कारखान्यात शिवणावर, वडील फौंड्रीत. आईचं माहेर हुपरीचं, सासर त्याच्याही पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. त्यामुळं पोरींच्या मराठीत कानडी शब्द पेरलेले असायचे. एक दुसरीपेक्षा अकरा मिनिटांनी मोठी. तेवढ्या अकरा मिनिटांवर धाकटी तिला मानानं "अक्का" म्हणायची. मीही त्यांना इथं थोरली आणि धाकटीच म्हणते.

हुपरीच्या आजोबांनी दोघींच्या पायांत स्वतः घडवलेले चांदीचे पैंजण घातले होते. थोरलीच्या पैंजणाला घुंगरं होती, धाकटीचे मुके होते. शेजारपाजारच्यांना ओळखता यावं म्हणून म्हाताऱ्यानं केलेली ती सोय. मी पहिल्याच दिवशी नियमावर बोट ठेवलं आणि पैंजण काढायला लावले.

"मग ओळखायच्या कशा?" मीच वर विचारलं.

"बघून," त्यांची आई म्हणाली. "येगळ्या हाईत काकू दोघी. रोज बघितल्यावर आपसूक वळखाय येत्यात."

चौथ्या दिवशी मी खोकल्याचं औषध एकीलाच दोनदा पाजलं. दुसरी कोपऱ्यात खोकत बसलेली दिसली तेव्हा माझ्या लक्षात आलं. जिला दोनदा गेलं होतं ती दुपारभर निजली आणि मी तिच्या उशाशी बसून तिची छाती वरखाली होतेय का बघत राहिले. काही झालं नाही. संध्याकाळी महाद्वार रोडला जाऊन मी लाल नेलपॉलिशची एक बाटली आणली. दुसऱ्या दिवशी आईला दारातच विचारलं यातली थोरली कोण, आणि तिच्या डाव्या हाताच्या करंगळीचं नख रंगवलं. लाल नख म्हणजे थोरली. प्रश्न मिटला.

आईनं ते संध्याकाळी नीट बघितलं. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आठ दिस दम धरायचा हुता की काकू. आल्या असत्या वळखाय."

"चौदा पोरं आहेत गं माझ्याकडं," मी म्हणाले. "एकेकीचं तोंड बघत बसायला मला वेळ कुठला?"

हे वाक्य मी बोलले. तोंडानं फटकळ म्हणून माझी गल्लीत ख्याती आहे आणि मला त्याचं कधी काही वाटलं नाही, पण हे एक वाक्य परत घेता आलं असतं तर बरं झालं असतं.

एकदा खूण केल्यावर डोळ्याला केवढी सवय लागते ते सांगून पटायचं नाही. पोरगी धावत आली की माझी नजर आधी तिच्या हाताकडं जायची, मग तोंडाकडं, आणि पुष्कळदा तोंडापर्यंत जायचीच नाही. लाल आहे, थोरली. लाल नाही, धाकटी. भात वाढला, औषध दिलं, चड्डी बदलली. मावशीही तेच करायच्या. दर सोमवारी मी रंग नव्यानं लावायचे. त्यावरून बाकीची पोरं हट्ट करायला लागली आणि मग सोमवारचा तो सोहळाच झाला. सगळी ओळीनं मांडी घालून बसायची आणि हात पुढं करून फू फू करत नखं वाळवायची. बाकीच्यांना गुलाबी, जांभळं, काय हवं ते, लाल फक्त थोरलीला. एका पोराचा बाप तावातावानं आला. "पोरग्याची नखं रंगवलासा व्हय? तालमीत घालणार हाय मी ह्येला!" मी म्हटलं, "घाला की. तिथं लाल मातीनं रंगणारच आहेत." बाप हसला आणि गेला. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

एक गोष्ट मात्र मला दिसत होती आणि मी ती बघत नव्हते. कधी कधी लाल नखवाली पोर दुसरीला हाक मारायची, "अक्का, ये की." मी हसायचे. "अगं येडे, अक्का तू, ती नव्हे," म्हणून तिची करंगळी धरून तिलाच दाखवायचे. ती डोळे बारीक करून माझ्याकडं बघायची आणि खुदकन हसायची. पोर खरं बोलत होती आणि मी तिला चूक शिकवत होते, हे मला कळायला बराच काळ जायचा होता.

कळलं ते असं. वर्ष होऊन गेलं असेल, दोघी चारीला टेकायला आल्या होत्या. एका दुपारी खेळण्यांच्या कपाटामागून खसपस ऐकू आली म्हणून वाकून बघितलं, तर एक जण दुसरीच्या करंगळीवरचा रंग दातांनी खरवडून काढत होती. बाटली उघडी होती. खरवडून झालं तशी तिनं स्वतःची करंगळी पुढं केली आणि दुसरीनं जीभ बाहेर काढून, मन लावून तिला लाल लावलं. माझ्याइतकंच नीट.

"कधीपासून चाललंय हे?" मी विचारलं.

"रोज," दोघी म्हणाल्या.

चार वर्षांच्या पोरीचं रोज म्हणजे दोनदा असेल नाहीतर दोनशेदा. मला इतकं हसू आलं की मी तिथंच बसले. संध्याकाळी प्रत्येक पालकाला मी तो किस्सा रंगवून सांगितला. त्यांच्या आईलाही सांगितला. तीही डोळ्यांत पाणी येईतो हसली. "त्यांचा बाप बी फसतोय की!" म्हणाली. मग पोरींच्या चपला घालता घालता सहज म्हणाली, "काकू, आता तरी नख सोडा आन् तोंडाकडं बघा."

मी मान डोलावली. आणि बाटली उचलून कपाटाच्या वर ठेवली, पोरींचा हात पोचणार नाही अशी. पुढच्या सोमवारी पुन्हा थोरलीची करंगळी रंगवली. ही थोरलीच कशावरून, असं त्या सोमवारी माझ्या मनातही आलं नाही. खरं सांगायचं तर आळस. दुसरं काही कारण शोधून सापडत नाही. सवय मोडायची म्हणजे चार दिवस चुका करायच्या, चार वेळा पोरींना विचारायचं, आणि तेवढं करायची माझी तयारी नव्हती.

त्या वर्षी गणपतीत पाळणाघर पाच दिवस बंद होतं. तेवढ्यात एकीला ताप भरला. आधी साधा वाटला, मग डेंगी निघाला. तापाच्या आठव्या दिवशी सकाळी त्यांच्या वडिलांचा मला फोन आला. ते म्हणाले, "काकू, पोरगी गेली आमची."

माझ्या तोंडून पहिला शब्द गेला तो "कोणती?"

"बारकी," ते म्हणाले.

फोन ठेवून मी भिंतीला टेकले आणि तिचा चेहरा डोळ्यांपुढं आणायला लागले. चेहरा आला, पण तो दोघींचा होता. धाकटी म्हणून वेगळं काही येईना. रंग न लावलेली एक करंगळी तेवढी आठवत होती, आणि ती करंगळीसुद्धा तिचीच होती की नाही कोण जाणे. मी रडले. सगळ्यांना वाटलं, पोरीसाठी रडते. पोरीसाठी होतंच, पण त्यात भीती होती, आणि कसली ते तेव्हा मला कळत नव्हतं.

महिन्याभरानं थोरली परत यायला लागली. आईबापांना कामावर जाणं भागच होतं. ती मुकाट यायची, जेवायची, निजायची. सोमवार आला तरी मी बाटली काढली नाही. काढायचं काही कारणच उरलं नव्हतं.

आणि मग एक दिवस भर दुपारी त्यांची आई आली. पोरं नुकती जेवून आडवी झाली होती. मला वाटलं, थोरलीला न्यायला आली. पण ती आत आली आणि माझ्यासमोर फरशीवर बसली. सतरंजी दिली तर तीही घेतली नाही. वाळली होती. पाणी दिलं, ते अर्धं प्याली.

"सुट्टी काढलीया आज," ती म्हणाली. "एक मागाय आलोय काकू."

"माग की गं."

"दीड वर्स ती हितं हुती. सकाळी आठपास्नं सांजच्या सापर्यंत. माझ्याकडं आली की जेवायची आन् निजायची. एक रविवार तेवढा माझा, त्यात बी मी धुणं धुतोय, दळण आणतोय. तिचं दिस समदं तुमच्याकडं हाईत. माझ्यापरास तुमीच तिला जास्ती बघितलासा. तेवढं सांगा मला. काय खेळायची, काय बोलायची. बारकंसारकं बी चालंल. काय बी सांगा."

तेव्हा मला कळलं की इतके दिवस मी कशाला भीत होते.

पण मी सांगायला लागले. समोर बसलेल्या त्या बाईला नाही म्हणायची माझी ताकद नव्हती. सांगितलं, एक नवा मुलगा फाटकाला धरून रडायचा, तर ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, रडू नगंस, बारका काटा सावर आला की आई येती. स्वतःला घड्याळ कळत नव्हतं, पण त्याला समजावायची. आई ऐकत होती. तिचे ओठ हलत होते, पाठ करत असल्यासारखे. सांगितलं, निजताना खिडकीचा गज धरून निजायची, हात सोडवला की जागी व्हायची. सांगितलं, फोडणीच्या भातातल्या मोहऱ्या एक एक वेचून ताटाच्या काठावर ओळीनं लावायची आणि मग शेवटी सगळ्या एकदम खायची.

"मोहऱ्या?" आई म्हणाली. तिच्या कपाळाला आठी पडली. "मोहऱ्या थोरली वेचती काकू. घरात बी वेचती. बारकीला त्याचं काय बी नसायचं."

"मग ती थोरली असेल," मी म्हणाले. "पण गज धरून निजायची ती…"

"थोरली माझा पदर धरून निजती. कायतरी धराय लागतंय तिला." ती माझ्याकडं बघत होती. आवाज चढलेला नव्हता. "काकू, त्या पोराला घड्याळ दावायची तवा तिच्या बोटाला लाल हुतं का?"

"नव्हतं," मी म्हणाले. हे मात्र मला पक्कं आठवत होतं. त्या पोराच्या खांद्यावर ठेवलेला तिचा डावा हात माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि करंगळीचं नख साधं होतं.

"आन् त्या दिशी त्यांनी अदलाबदल केलती का न्हाय?"

तिलाही माहीत होतं आणि मलाही माहीत होतं. आम्ही दोघींनीच तर हसून हसून डोळे पुसले होते.

"मग ती बारकी कशावरनं?"

मला सांगता येईना. मी त्या मुलीला रोज दहा तास बघितलं होतं. भरवलं होतं, धुतलं होतं, दटावलं होतं, मांडीवर घेतलं होतं. आणि तिच्या आईसमोर बसून मला एक गोष्ट, एक साधी गोष्ट छातीठोक सांगता येत नव्हती की ही तुझ्या धाकटीची. मी म्हणाले, "मला माहीत नाही गं. मी नख बघत होते." तेवढं तरी मी खरं बोलले.

आतल्या खोलीत पोरं निजली होती, थोरली मात्र जागी होती. आईचा आवाज ऐकून ती दारात येऊन उभी राहिली होती. आईनं तिला जवळ घेतलं, केस मागं सारले आणि अगदी हळू विचारलं, "बाळा, गज धरून कोण निजायचं गं?"

"मी," थोरली म्हणाली.

"आन् त्या रडक्या पोराला घड्याळ कोण दावायचं?"

"मी."

"समदं तूच? मग ती काय करायची?"

थोरलीनं आईच्या तोंडाकडं बघितलं. त्या तोंडावर तिला काय दिसलं कुणास ठाऊक. ती घाबरली. आईच्या गळ्याला मिठी मारून घाईघाईनं म्हणाली, "न्हाय, मी न्हाय. समदं तीच करायची. अक्काच करायची. मी काय बी करत न्हवतो." धाकट्या बहिणीला ती अक्का म्हणत होती, आणि लाल करंगळी धरून तसं शिकवलं होतं ते मीच.

आईनं तिला पोटाशी घट्ट धरलं आणि तिथंच, माझ्या फरशीवर, हंबरडा फोडला. आतली पोरं दचकून उठली. मी एका हातानं दार लोटून घेतलं आणि दुसरा तिच्या पाठीवर ठेवायला गेले, पण ठेवला नाही. मला वाटलं, तेवढाही हक्क आपला उरलेला नाही. शेवटी मावशी आल्या आणि त्यांनी तिला धरलं.

जाताना ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. थोरलीला कडेवर घेऊन, एवढी मोठी पोर, ती फाटकातून बाहेर पडली. तिच्या लेकीचे दीड वर्षाचे दिवस तिनं माझ्याकडं ठेवायला दिले होते, आणि त्यातला एकही मी तिला परत देऊ शकले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ती नेहमीसारखी आली. सुट्टी एकच दिवसाची होती. थोरलीला माझ्या हातात देऊन कंपनीची गाडी गाठायला धावत गेली. मी फाटकातच खाली बसले आणि पोरीचं तोंड दोन्ही हातांत धरून पहिल्यांदा नीट बघितलं. डाव्या भुवईत एक बारीक भोवरा होता. खालच्या ओठाच्या कडेला मोहरीएवढा तीळ होता. बोलण्याआधी ती जरा नाक फेंदारायची. पोर शाळेत जाईपर्यंत आणखी दीड वर्ष माझ्याकडं होती आणि मी तिला रोज बघितलं, अगदी पाठ होईपर्यंत. तो तीळ धाकटीलाही होता का, हे तिच्या आईला विचारायची माझी छाती कधी झाली नाही.